पंचवीस एकरांत एक घर

गेदर्सबर्गहून डार्न्सटाउन रोडने पश्चिमेला निघालं की आधी टाउनहाउसच्या रांगा लागतात, मग मोठ्या हिरवळीची सुटी घरं. सेनेका क्रीकचा पूल ओलांडला की घरं जवळजवळ संपतातच. पुढे मका, सोयाबीन, गवताचे गोल भारे, घोड्यांसाठी घातलेली लाकडी कुंपणं आणि उजव्या हाताला लांबवर शुगरलोफ डोंगर. अमेरिकेच्या राजधानीपासून हे अंतर किती, तर पुण्याहून तळेगाव असेल तेवढं. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एका निवृत्त काकांना मी या रस्त्याने नेलं होतं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, ‘‘एकराला भाव काय?’’ आणि दुसरा, ‘‘मग अजून इथे कुणी प्लॉट कसे पाडले नाहीत?’’

त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे प्रकरण.

मेरीलँड राज्यातली माँटगोमेरी काउंटी वॉशिंग्टनला वायव्येकडून चिकटून आहे. क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस मैल, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं; लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १० लाख ६२ हजार. काउंटी म्हणजे जिल्हा असं आपण सवयीने म्हणून टाकतो, पण त्यात फसगत आहे. आपल्या जिल्ह्याचा कलेक्टर हा राज्य सरकारचा माणूस, आणि शहराची डीपी, म्हणजे विकास आराखडा, शेवटी मंत्रालयात मंजूर व्हायचा. माँटगोमेरीत लोकांनी निवडून दिलेली कौन्सिलच आराखडा मंजूर करते, झोनिंग (म्हणजे कुठल्या जमिनीवर काय आणि किती बांधता येईल ते) ठरवते, कर लावते आणि शाळांना पैसा पुरवते. आराखडा तयार करायचं काम पाच सदस्यांच्या प्लॅनिंग बोर्डाचं, आणि ते सदस्य कौन्सिलच नेमते. रॉकव्हिल, गेदर्सबर्ग अशा काही नगरपालिकांचं झोनिंग मात्र त्यांच्याच हातात आहे. नकाशात ती भोकं सोडून बाकीचं काउंटीचं.

हे बोर्ड ज्या आयोगाचा भाग आहे, तो १९२७ साली राज्याच्या विधिमंडळाने स्थापन केला. माँटगोमेरी आणि शेजारची प्रिन्स जॉर्जेस, दोन्ही काउंट्या मिळून एक आयोग, आणि बागा व नियोजन ही दोन्ही खाती एकाच छपराखाली. सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं: ओढ्यांच्या काठच्या जमिनी विकत घेतल्या. रॉक क्रीक, स्लिगो क्रीक या ओढ्यांकाठी आज जे हिरवे पट्टे दिसतात, ते तेव्हाच्या खरेदीचे. आपल्याकडे नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग करतात, ते आठवून हे वाचावं.

हाताचा पंजा

दुसरं महायुद्ध संपलं, वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेऱ्या फुगल्या, आणि नोकरदार मंडळी घरासाठी मेरीलँडकडे वळली. १९५० मध्ये काउंटीत १ लाख ६४ हजार माणसं होती, १९६० मध्ये ३ लाख ४१ हजार आणि १९७० मध्ये ५ लाख २३ हजार. वीस वर्षांत तिपटीहून जास्त. दुधाचे गोठे विकले जात होते आणि त्या जागी सारख्या चेहऱ्याची घरं उभी राहत होती.

१९६४ साली आयोगाने सर्वसाधारण आराखडा मंजूर केला. त्याचं नाव ‘वेजेस अँड कॉरिडॉर्स’, आपल्या भाषेत पाचरी आणि पट्टे. कल्पना समजायला हाताचा पंजा पसरावा. तळवा म्हणजे वॉशिंग्टन. बोटं म्हणजे बाहेर जाणारे हमरस्ते आणि पुढेमागे होणारी रेल्वे. वाढ या बोटांवर, ठरावीक गावांभोवती गोळा करायची. बोटांच्या बेचक्यांतल्या पाचरींमध्ये शेती, रान आणि पाणी तसंच राहू द्यायचं. कोपनहेगनने १९४७ मध्ये हाच पंजा काढला होता, त्यामुळे कल्पना काही अगदी नवी नव्हती. माँटगोमेरीत मुख्य बोट पुढे आय-२७० म्हणून ओळखल्या गेलेल्या महामार्गाचं, आणि त्यावरचे मणी रॉकव्हिल, गेदर्सबर्ग, जर्मनटाउन आणि क्लार्क्सबर्ग.

नकाशा देखणा होता. अडचण एवढीच, की पाचरीतल्या शेतकऱ्याला त्या नकाशाने काहीही बंधन नव्हतं. जमिनीचं झोनिंग वेगळ्या कागदावर असतं आणि तो कागद अजून जुनाच होता. आपल्याकडे प्रादेशिक योजनेत ‘हरित पट्टा’ रंगवलेला असतो आणि त्याच पट्ट्यात गुंठेवारी चालू असते, त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे सगळं कायदेशीर होतं.

काही वर्षं नकाशाचं काम गटाराने केलं. १९७० च्या सुमाराला वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स इथल्या सांडपाणी केंद्राची क्षमता संपत आली, आणि काउंटीच्या काही भागांत नवीन जोडण्यांवर राज्याने बंदी घातली. जोडणी नाही तर घर नाही. त्या काळातल्या नियोजनकारांना या बंदीने एक गोष्ट पक्की शिकवली: जमिनीचं भवितव्य ठरवणारी खरी रेघ गटाराच्या पाइपाची असते. आजही शेतीच्या भागात सार्वजनिक पाणी आणि ड्रेनेज न नेणं हे या काउंटीचं सगळ्यात भक्कम हत्यार आहे. पाइप नसेल तर घरामागे सेप्टिक टँक हवा, त्यासाठी माती पाणी किती मुरवते ते तपासायचं, आणि माती नापास झाली की बांधकाम तिथेच थांबलं.

पाच एकरांची चूक

१९७० च्या दशकाच्या मध्याला काउंटीने पाचरींसाठी ग्रामीण झोन आणला. नियम सोपा: पाच एकरांना एक घर. हेतू असा, की एवढा मोठा तुकडा घ्यावा लागला तर कुणी घर बांधायला येणार नाही.

आपल्याकडे पाच एकरवाला म्हणजे बरा शेतकरी. दोनशे गुंठे! पण मेरीलँडमधल्या मक्याच्या शेताला पाच एकर म्हणजे यंत्र वळवायलाही जागा कमी, आणि वॉशिंग्टनमधल्या वकिलाला पाच एकर म्हणजे स्वप्न. लॉन म्हणून कापायला जास्त, शेत म्हणून नांगरायला कमी, अशा त्या तुकड्यांना गिऱ्हाईक भरपूर मिळालं. शेती वाचवायला आणलेल्या नियमाने शेतीचे तुकडे आणखी झपाट्याने पडले. वर प्रत्येक घरमालकाला शेजारच्या ट्रॅक्टरचा आवाज, खताचा वास आणि रस्त्यावर सांडलेला चिखल यांचा त्रास व्हायला लागला तो वेगळाच.

या टप्प्यावर माझं मत सांगून टाकतो. झोनिंगच्या चुका बहुतेक वेळा आकड्यात नसतात, गिऱ्हाईक कोण हे न ओळखण्यात असतात. पाच एकरांचा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मध्यमवर्गीय कुटुंब होतं. श्रीमंत कुटुंब त्याला दिसलंच नाही.

शंभर एकरांचा हिशेब

१९७२ पासून प्लॅनिंग बोर्डाचे अध्यक्ष असलेले रॉइस हॅन्सन हे मूळचे राज्यशास्त्राचे माणूस. त्यांच्या कारकिर्दीत, १९८० साली, काउंटीने शेती आणि ग्रामीण मोकळ्या जागांच्या रक्षणासाठी स्वतंत्र आराखडा केला. त्यात सुमारे ९३,००० एकर जमीन, म्हणजे काउंटीचा जवळपास एक तृतीयांश भाग, शेतीसाठी राखीव ठरला. त्याला आज ‘ॲग रिझर्व्ह’ म्हणतात. नवा नियम: पंचवीस एकरांना एक घर.

आता शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हिशेब करू. समजा, त्याच्याकडे शंभर एकर आहेत. काल त्याला वीस घरांचे तुकडे पाडता येत होते, आज चार. सोळा घरांची किंमत एका ठरावाने उडाली. ही नुसती स्वप्नातली किंमत नव्हती; ट्रॅक्टर आणि बियाण्यासाठी बँक कर्ज देते ती जमिनीच्या भावावर, आणि तो भाव ‘पुढे इथे घरं होतील’ या आशेवर उभा असतो. भाव पडला की तारण पडलं. त्यामुळे शेती वाचवणाऱ्या आराखड्याला सगळ्यात मोठी धास्ती शेतकऱ्यांचीच होती, आणि ती रास्त होती.

तोडगा असा निघाला. घर बांधायचा नियम पंचवीसला एक, पण हक्क मोजायचा जुन्या दराने, पाचला एक. म्हणजे शंभर एकरवाल्याच्या हातात वीस हक्क आले. त्यांतले चार त्याने स्वतःच्या जमिनीवरच्या चार घरांसाठी ठेवावेत, आणि उरलेले सोळा विकावेत. विकत कोण घेणार? शहराच्या बाजूला, जिथे रस्ते, गटारं आणि शाळा आहेत तिथे, आराखड्याने काही भाग ‘घेणारे’ म्हणून ठरवले. तिथल्या बिल्डरला नेहमीच्या नियमाने एकरात दोन घरं बांधता येत असतील, तर त्याने शेतकऱ्याकडून हक्क विकत घ्यायचा आणि प्रत्येक हक्कामागे एक जादा घर बांधायचं, त्या भागासाठी ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. पहिलं घेणारं गाव ठरलं ओल्नी.

मराठी वाचकाला या हक्काचं नाव सांगायला नको. टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. मुंबईत तो १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आला आणि आज गल्लीतल्या एजंटच्या तोंडी आहे. पण नाव एक असलं तरी दोन ठिकाणचं यंत्र उलट्या दिशेने फिरतं. मुंबईत आरक्षणाखालची जमीन मालकाने महापालिकेच्या ताब्यात द्यायची आणि बदल्यात टीडीआरचा कागद घ्यायचा. जमीन हातची जाते, कागद उरतो. माँटगोमेरीत जमीन शेतकऱ्याचीच राहते, पीक त्याचंच, वारसाहक्क त्याच्याच मुलांचा. तिच्यावरून फक्त घर बांधायचा हक्क सोलून काढला जातो. तो विकला की जमिनीच्या दप्तरात कायमचा बोजा चढतो, आपल्या सात-बाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात चढावा तसा. पुढे ती जमीन कुणीही घेवो, तो बोजा घेऊनच घेणार. झोनिंग उद्याच्या कौन्सिलला बदलता येतं; विकून टाकलेला हक्क परत आणणं त्याहून फार कठीण.

मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत हुशारीचा वाटतो. काउंटीच्या तिजोरीतून जवळजवळ काहीच गेलं नाही. शेतकऱ्याला रोख मिळाले, बिल्डरला घरं मिळाली. आणि एकदा हक्क विकलेला शेतकरी स्वतःच झोनिंगचा रखवालदार झाला, कारण आता शेजाऱ्याने वीस घरं बांधलेली त्याला परवडणार नव्हती. बाजार चालला नाही तर हक्क विकत घ्यायला आणि तारण म्हणून धरायला काउंटीने १९८२ मध्ये एक निधीही काढला होता. त्याला फारसा हात लावावा लागला नाही, पण तो आहे एवढ्या भरवशावरच बँकांचे चेहरे सैल झाले असावेत.

नियमाला माणुसकीची एक फटही ठेवली होती. ज्यांच्याकडे जमीन १९८१ च्या आधीपासून आहे, त्यांना मुलाबाळांसाठी पंचवीस एकरांच्या हिशेबाबाहेर घराचा तुकडा काढून देता येतो. कागदोपत्री त्याला ‘चाइल्ड लॉट’ म्हणतात. हे ऐकल्यावर आमचे काका पहिल्यांदा हसले. म्हणाले, ‘‘म्हणजे वाटण्या इथेही आहेत तर!’’ आहेत, आणि मुलाच्या नावाने काढलेला तुकडा नंतर तिऱ्हाइताला विकला जातो का, यावर इथेही पुढे बरंच घोळ-घुसळण होऊन नियम घट्ट करावे लागले.

कोर्टातली ठेच

घेणाऱ्या भागातले रहिवासी गप्प बसणार नव्हते. शेती वाचवायला कुणाचाच विरोध नसतो, फक्त त्यासाठीची जादा घरं आपल्या गल्लीत नको असतात. वेस्ट माँटगोमेरीतल्या नागरिकांच्या संघटनेने आयोगाविरुद्ध दावा लावला, आणि १९८७ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कारण तांत्रिक होतं, पण महत्त्वाचं: कुठे किती जादा घरं हे काउंटीने आराखड्यात लिहिलं होतं, झोनिंगच्या कायद्यात नाही. घरांची घनता ठरवणं हे झोनिंगचं काम आणि ते कौन्सिलने झोनिंगच्याच रीतीने करायला हवं, असं न्यायालयाने बजावलं. कल्पना रद्द झाली नाही. कौन्सिलने नियम नव्याने लिहून तेच पुन्हा केलं.

निकालाचा मथितार्थ मात्र १९६४ च्या चुकीकडे परत नेतो. आराखडा म्हणजे इरादा, झोनिंग म्हणजे कायदा. दोन्ही एका कागदावर समजून चालणारा प्रत्येक जण कधी ना कधी ठेचकाळतो.

शहराकडची बाजू

ॲग रिझर्व्हच्या गोष्टी सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. पन्नास हजारांहून जास्त एकर एकट्या टीडीआरखाली कायमचे बांधले गेले, हे सांगून टाळ्या घेता येतात. देशभरातले नियोजनकार बघायला येतात. पण पाचरीचं यश मोजायचं तर बोटाचं काय झालं तेही बघायला हवं, आणि तिथला हिशेब गुंतागुंतीचा आहे.

जमेच्या बाजूला दोन गोष्टी. एक, मेट्रोची रेड लाइन. १९७८ मध्ये सिल्व्हर स्प्रिंगला आणि १९८४ मध्ये बेथेस्डामार्गे शेडी ग्रोव्हपर्यंत पोचली, आणि स्टेशनांभोवती उंच इमारती एकवटल्या. बेथेस्डाच्या स्टेशनावर उतरून वर आलं की नकाशातलं बोट म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसतं. दुसरी, १९७० च्या दशकाच्या मध्याला आलेला परवडणाऱ्या घरांचा कायदा. मूळ नियम असा: पन्नास किंवा जास्त घरांच्या प्रकल्पात पंधरा टक्के घरं बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखायची, बदल्यात बिल्डरला थोडी जादा घरं. तेव्हाचे काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे काउंटीचे निवडून आलेले प्रशासनप्रमुख, जेम्स ग्लीसन यांनी नकाराधिकार वापरला, कौन्सिलने तो मोडून काढला. या कायद्याने आजवर दहा हजारांहून जास्त घरं दिली, आणि महत्त्वाचं म्हणजे ती वेगळ्या कोपऱ्यात ढकललेली नाहीत. शेजारच्याच रांगेत आहेत.

उणे बाजूला क्लार्क्सबर्ग. बोटावरचा शेवटचा मणी, १९९४ च्या आराखड्याने ठरवलेलं नवं गाव: चालत जाता येईल असा बाजारचौक, आणि शेडी ग्रोव्हपासून थेट येणारी जलद सार्वजनिक वाहतूक. घरं आली. त्यांत आज आपली मराठी कुटुंबंही बरीच आहेत. दिवाळीत त्या गल्ल्यांमधून आकाशकंदील दिसतात. वाहतूक मात्र आली नाही. कॉरिडॉर सिटीज ट्रान्झिटवे नावाचा तो मार्ग वर्षानुवर्षं कागदावर राहिला, राज्याने पैसा काढून घेतला, आणि लोक आय-२७० वर गाडीत बसून राहिले. चौकातल्या दुकानांसाठीही पहिल्या रहिवाशांना फार थांबावं लागलं.

त्यात २००५ चं प्रकरण. तिथल्या रहिवाशांनी मंजूर नकाशे आणि उभी घरं ताडून पाहिली, तर शेकडो घरं ठरल्यापेक्षा उंच किंवा रस्त्याला जास्त खेटून बांधलेली निघाली. चौकशीत प्लॅनिंग विभागातल्याच कर्मचाऱ्याने कागदात बदल केल्याचं उघड झालं. पन्नास वर्षांचा आराखडा करणाऱ्या, देशात नावाजलेल्या खात्याकडे उभी राहिलेली भिंत मोजून बघायला माणूस नव्हता. हे वाचताना आपल्याला फार परकं वाटत नाही.

मग शाळा. पुरेशा सार्वजनिक सोयी नसतील तर नवी परवानगी नाही, असा नियम काउंटीने १९७३ मध्येच केला होता. ऐकायला हा नियम इतका शहाणा, की आपल्या प्रत्येक महापालिकेने घ्यावा असं वाटतं. पुढे त्याचं रूप असं झालं, की एखाद्या भागातल्या शाळांची भरती क्षमतेच्या १२० टक्क्यांवर जाणार असा अंदाज आला, की तिथल्या नव्या घरांना आपोआप बंदी. २०१९-२० मध्ये अशी बंदी सिल्व्हर स्प्रिंगसारख्या ऐन मेट्रोजवळच्या भागांत लागली. गंमत अशी, की शाळांतली गर्दी मुख्यतः जुन्या घरांमधून येत होती: म्हातारी जोडपी घर विकून जात आणि तिथे दोन-तीन मुलांचं कुटुंब येई. मेट्रोशेजारच्या नव्या इमारतीतल्या एका बेडरूमच्या फ्लॅटमधून शाळेत जाणारी मुलं अशी किती असणार? म्हणजे जिथे घरं हवीत असं आराखडा सांगत होता, तिथेच हा नियम घरं अडवत होता. २०२० च्या शेवटी कौन्सिलने ही आपोआप लागणारी बंदी काढली आणि गर्दीच्या भागात बिल्डरकडून जादा पैसे घ्यायचं ठरवलं.

आणि सगळ्यात मोठी उणी बाजू काउंटीच्या हद्दीपलीकडे आहे. पाचर राखली, बोटावर पुरेशी घरं झाली नाहीत, मग माणसं गेली कुठे? उत्तरेला, फ्रेडरिक काउंटीत. तिथली लोकसंख्या १९८० मध्ये १ लाख १५ हजार होती, २०२० मध्ये २ लाख ७२ हजार. त्यातले बरेच जण रोज सकाळी आय-२७० ने माँटगोमेरीची सगळी राखलेली शेतं ओलांडून कामावर येतात. पाण्याचा फुगा एका बाजूला दाबला की दुसरीकडे फुगतो, आणि नियोजनाचा अधिकार काउंटीच्या रेघेवर संपतो. शेती वाचवणं चूक होतं असं मला म्हणायचं नाही. पण रिझर्व्ह आणि बेथेस्डातल्या घरांच्या किमती या दोन वेगळ्या गोष्टी असल्यासारखं बोलणाऱ्यांचा मला राग येतो.

पुन्हा नकाशा

२०२२ च्या ऑक्टोबरात काउंटीने १९६४ च्या आराखड्याच्या जागी नवा सर्वसाधारण आराखडा मंजूर केला, ‘थ्राइव्ह माँटगोमेरी २०५०’. पाचर त्यात शाबूत आहे. बदल बोटांमध्ये आहे: नवी जमीन उरलेली नाही, तेव्हा आता मोठ्या रस्त्यांलगतच्या जुन्या एकमजली वस्त्यांमध्येच दोन-तीन कुटुंबांची घरं, छोट्या इमारती येऊ द्याव्यात. यावर जी वादावादी झाली ती १९८० च्या शेतकऱ्यांच्या विरोधापेक्षा कडवट होती. काउंटी एक्झिक्युटिव्ह मार्क एल्रिच उघडपणे विरोधात होते. त्यातच कौन्सिलच्या मंजुरीला दोन आठवडे असताना प्लॅनिंग बोर्डाच्या पाचही सदस्यांनी कौन्सिलच्या सांगण्यावरून एकदम राजीनामे दिले. कारण आराखड्याचं नव्हतं, कार्यालयातल्या वर्तनाच्या तक्रारी आणि अंतर्गत भांडणांचं होतं. ज्यांनी आराखडा केला ते घरी गेले आणि आराखडा एकमताने मंजूर झाला. तो अर्थात पुन्हा इरादाच. त्यातला एक लहान तुकडा झोनिंगच्या कायद्यात उतरायला २०२५ उजाडलं, आणि तोही काही निवडक रुंद रस्त्यांपुरता.

१९८० चा धडा इथे गिरवलेला दिसत नाही. तेव्हा ज्याचं नुकसान होणार होतं त्याच्या हातात विकता येईल असा कागद दिला होता. आता बेथेस्डा किंवा व्हीटनमधल्या घरमालकाला आपलं काहीतरी जातंय असं वाटतंय, खरं असो की खोटं, आणि त्याच्या हातात सार्वजनिक सुनावणीतली तीन मिनिटं आहेत. पुण्याच्या टेकड्यांवरचं बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण असंच अडकलं. मोबदला ८ टक्के टीडीआर ठरला, तो मालकांना पटला नाही, आणि टेकड्या कागदावर हिरव्या राहून पायथ्याकडून कुरतडल्या जात राहिल्या. माँटगोमेरीचे पाचास एक आणि पंचवीसास एक हे दोन आकडे एकमेकांशी जुळवलेले होते. त्यातला दुसराच उचलून चालत नाही.

शेताकडे परत. शंभर एकरवाल्याने सोळा हक्क विकले तरी चार त्याच्याकडे आहेत, आणि ते सगळ्यात महाग आहेत, कारण त्यांवर खरोखर घर बांधता येतं. पंचवीस-पंचवीस एकरांचे चार बंगले, प्रत्येकाला दोन घोडे, अशी शेती रिझर्व्हमध्ये भरपूर दिसते आणि करही शेतीचाच भरते. हे उरलेले हक्कही विकत घेऊन विझवून टाकायची वेगळी योजना काउंटीने २००८ मध्ये काढली, आणि पुढे मेट्रोजवळ उंच इमारती बांधणाऱ्यांना त्या खरेदीत वाटा उचलायला लावला.

नंतरचा तंटा सौर ऊर्जेचा. मक्यापेक्षा पॅनेलचं भाडं जास्त, आणि पॅनेल म्हणजे घर नव्हे, मग टीडीआरच्या बोजाखालच्या शेतात ती लावायला काय हरकत? पर्यावरणवाले यावर दोन गटांत फुटले. एका गटाला हवामान वाचवायचं होतं, दुसऱ्याला माती. २०२१ मध्ये कौन्सिलने तोडगा काढला: पूर्ण रिझर्व्हमध्ये मिळून १,८०० एकरांची कमाल मर्यादा, आणि पहिल्या व दुसऱ्या प्रतीच्या सुपीक मातीवर परवानगी नाही. सपाट, उन्हाची, विजेच्या तारांजवळची जमीन बहुतेक त्या दुसऱ्या प्रतीचीच असल्यामुळे सौर कंपन्यांनी तेव्हाच सांगितलं की यातून फारसं काही उभं राहणार नाही. शेतकऱ्यांपैकी काहींना तेच हवं होतं. काहींना, ज्यांचे सोळाच्या सोळा हक्क बापाने १९८० च्या दशकातच विकून खाल्ले होते, ते नको होतं.